तीन नंबरची पट्टी

पट्टी मी सोलली होती आणि परत जागच्या जागी चिकटवलीही मीच. हे वाक्य मी नऊ वर्षं तोंडात धरून होतो. आता सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढे तिच्याविषयी वाचताना माझ्याबद्दल तुमचा उगाच चांगला समज व्हायला नको.

ती म्हणजे आमच्या बोटीतली तीन नंबर. नाव लिहीत नाही. शेडमध्येही तिला कोणी नावाने हाक मारत नसे. चौघींच्या बोटीत एक ते चार अशा जागा असतात. चार नंबरची मुलगी ताल धरते, ती सगळ्यांच्या नजरेत असते. तीन नंबर तिच्या पाठीशी बसून तोच ताल मागच्या दोघींपर्यंत जसाच्या तसा पोचवते. तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. गेलंच तर काहीतरी चुकलं म्हणून जातं.

तिच्या डाव्या मनगटात पांढऱ्या कापडी चिकटपट्टीचा रोल बांगडीसारखा अडकवलेला असायचा. वल्हवणाऱ्या मुली ती पट्टी तळहाताच्या फोडांना गुंडाळतात. हिने तिला आणखी एक काम दिलं होतं. बोटीच्या कडेला बाहेर आलेला धातूचा एक हात असतो, त्याला रिगर म्हणतात. त्याच्या टोकाला उभी खीळ, खिळीवर कडी आणि कडीत वल्हं फिरतं. खिळीच्या डोक्यावर एक नट असतो, तेराच्या पान्याचा. बोट पाण्यात उतरवण्याआधी ती त्या नटावर बोटं ठेवायची, पान्याने जरासा आवळून बघायची, परत बोटं ठेवायची. मग दातांनी पट्टीचा तुकडा तोडून नटावर आडवा चिकटवायची. पट्टी शाबूत, म्हणजे तिच्यानंतर कोणाचा हात लागलेला नाही. कोणाला नट उघडायचाच असेल तर त्याने पट्टी फाडायची आणि तिला सांगायचं. शेडमधला हा कायदा तिचाच. सुरुवातीला पोरी हसल्या, मग सगळ्या पट्ट्या लावायला लागल्या.

"डोळा फसतो काका, हात नाही फसत," ती म्हणायची.

आमचा क्लब म्हणजे डोंबिवलीच्या खाडीकाठी पत्र्याची एक लांबलचक शेड. मी मानपाड्याला एमआयडीसीत फिटर. एकदा सरांनी वाकलेला रिगर सरळ करायला बोलावलं, म्हणून एका संध्याकाळपुरता गेलो आणि राहिलो तो राहिलोच. सर म्हणजे आमचे प्रशिक्षक. शेडमध्ये घड्याळ होतं, पण त्याला कोणी विचारत नसे. भरती असेल तेव्हा सराव. भरती पहाटे साडेपाचला तर साडेपाचला, भर दुपारी तर भर दुपारी. पावसाळ्यानंतर जलपर्णी वाहून यायची आणि वल्हं तिच्यात रुतून बसायचं. गणपती विसर्जनानंतर आठ-दहा दिवस बोट काढताच येत नसे, पाण्यात पाट तरंगत असायचे. बोटीचं अंग अंड्याच्या कवचासारखं, एका पाटाने भोक पडतं. अशा पाण्यात शिकलेल्या मुली होत्या त्या.

ती ठाण्यातल्या खोपटहून यायची. तिचे वडील तिथल्या एसटी डेपोत मेकॅनिक. पहिल्या आठवड्यातच आमचं वाजलं. मी नुकताच आवळलेला नट ती माझ्यासमोर परत तपासत होती.

"मी आवळलाय तो," मी म्हणालो.

"माहितीये काका."

"मग परत कशाला? वीस वर्षं हेच करतोय मी."

"तुमच्यावर विश्वास आहे. पण सीट माझी आहे ना."

हे तिने इतक्या सरळपणे म्हटलं की रागवायला जागाच राहिली नाही. तरी मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही, त्याचा मला जास्त राग आला.

ही सवय कुठून आली ते मला नंतर कळलं. एकदा काही सामान घेऊन मी खोपटला गेलो होतो, तेव्हा तिचे वडील गाडीच्या चाकाशी वाकून एकेका नटावर हातोडी मारत होते. टण, टण, टण, टक्. त्या 'टक्'पाशी ते थांबले, नटावर तळहात ठेवला आणि पाना मागवला. आयुष्यभर डेपोत राहून त्यांचे कान गेले होते, पण तो 'टक्' त्यांना बरोबर कळायचा. मी विचारलं, "ऐकू येतं तुम्हाला?" ते म्हणाले, "काय?" ती बाजूला उभी राहून हसत होती. "बाबांना हातातून ऐकू येतं," ती म्हणाली. ते वाक्य, डोळा फसतो हात फसत नाही, मूळ त्यांचं.

तिला बघायला पाहुणे आले होते त्याचा किस्सा ती स्वतःच सांगायची. मुलाची आत्या तिचे तळहात बघून म्हणाली, "अगं बाई, हाताला हे काय झालं?" ही म्हणाली, "काम." एवढ्यात मुलगा ज्या खुर्चीवर बसला होता ती किंचित करकरली. हिने त्याला उठवलं, खुर्ची पाहुण्यांसमोर उलटी केली, स्क्रू आवळला आणि म्हणाली, "आता बसा." स्थळ परत आलं नाही. "बरं झालं," ती म्हणायची, "त्यांनी इतका वेळ करकर ऐकली कशी?"

आता त्या स्पर्धेकडे यायला हवं. इथवर लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या, त्यावरून काय ते समजा.

परदेशात आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद रेगाटा, म्हणजे वल्हवण्याच्या शर्यती, होती. महिलांच्या चौघींच्या बोटीत आमची तीन नंबर निवडली गेली. बाकी तिघी दुसऱ्या राज्यांच्या. बोटींची देखभाल करणारा जो बोटमन जायचा होता त्याचा पासपोर्ट संपलेला निघाला आणि सरांच्या शब्दाखातर ऐनवेळी माझं नाव लागलं. मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो. तिने माझ्या सीटचा पट्टा ओढून बघितला आणि मग स्वतःचा.

तिच्यासाठी ती शर्यत म्हणजे काय होतं ते सांगतो. खेळाडूंच्या कोट्यातल्या नोकरीसाठी तिचा अर्ज पडून होता, आणि अंतिम फेरी गाठली तरच त्या अर्जाला अर्थ होता. वय चोवीस. घरचे म्हणत होते, हे शेवटचं वर्ष.

तिथे बोट भाड्याची मिळाली. जुनी, रंग उडालेली. आमच्या डाव्या-उजव्या बाजूला इतर देशांच्या बोटी, आरशासारख्या. त्यांचे बोटमन एकसारख्या टीशर्टमध्ये, खोक्यात पाने ओळीने लावलेले. माझं सामान कापडी पिशवीत होतं. पहिल्याच दिवशी तिने आमच्या बोटीवरून सगळीकडे हात फिरवला. तिच्या खिळीवरच्या नटाखाली गंजलेलं वायसर होतं.

"याला कंगोरा आहे," ती अंगठ्याने चाचपत म्हणाली. "टोचतो. पण घट्ट बसलंय. राहू दे काका, जुळलेलं आहे ते."

राहू दे, असं तिने सांगितलं होतं. हे मी विसरलो नव्हतो.

पहिली फेरी थोडक्यात हुकली. ज्यांची हुकते त्यांना आणखी एक संधी असते. त्या शर्यतीत पहिल्या दोघांत आलं की अंतिम फेरी. त्या दिवशी सकाळी तिने नट तपासले, पट्ट्या लावल्या आणि चौघी अंग मोकळं करायला धावायला गेल्या. संघासोबत आलेले आमचे सर त्यांच्याबरोबर. मी बोटीपाशी एकटा. शेजारच्या बोटीचे फोटो काढायला लोक आले होते. आमच्या बोटीकडे कोणी बघत नव्हतं, आणि बघितलं असतं तर ते गंजलेलं वायसर दिसलं असतं. माझ्या पिशवीत मानपाड्याहून आणलेली स्टीलची नवी वायसरं होती, चकचकीत. मला वाटलं, बोट बदलता येत नाही, निदान एवढं तरी.

पट्टी फाडली असती तर तिला सांगावं लागलं असतं, आणि ती नको म्हणाली असती. म्हणून मी पट्टी एका बाजूने हळूच सोलली. नट काढला, जुनं वायसर खिशात टाकलं, नवं बसवलं, नट बोटांनी फिरवत खाली आणला. पाना उचलणार, इतक्यात शेजारच्या संघाचा बोटमन आला आणि खुणेने म्हणाला, तेराचा आहे का? रेगाटावर कोणी पाना मागितला की नाही म्हणायचं नसतं, तशी रीतच आहे. पण मी दिला तो रीत म्हणून नाही. त्यांच्यातल्या कुणाला तरी आमच्याकडचं काही लागलं, या आनंदात दिला. तो परत येईपर्यंत उघडा नट बरा दिसत नाही म्हणून मी पट्टी परत लावली आणि नखाने कडा दाबून बसवली. दहा मिनिटांनी तो आला. पान्याबरोबर त्याने मला त्यांच्या संघाचा छोटा बिल्ला दिला. मी तो शर्टला लावत होतो तेव्हा आमच्या बोटीचा पुकारा झाला.

मुली आल्या. तीन नंबरने पट्टी बघितली. शाबूत होती. तिने बोट उचलली.

मी शेवटच्या पाचशे मीटरच्या खुणेपाशी उभा होतो. त्या दुसऱ्या होत्या. खोटं सांगत नाही, अर्ध्या बोटीने दुसऱ्या होत्या. चौघींच्या पाठी एका वेळी मागे जात होत्या, एका वेळी पुढे येत होत्या. मला चार नंबरकडे बघायचं होतं, पण नजर तीनवर गेली. तिचं वल्हं पाण्यात शिरताना जरा तिरकं झालं. पुढच्या वेळी जास्त. तिने मान वळवून कडीकडे बघितलं, शर्यतीत कोणी असं बघत नाही. मग वल्हं पाण्यात रुतलं, दांडा तिच्या छातीवर आदळला आणि बोट थांबली. दुसऱ्या बोटी निघून गेल्या. लाटा आमच्या बोटीला एकेक करून हलवत राहिल्या.

बोट परत आली तेव्हा खिळीवर नट नव्हता, वायसर नव्हतं. दोन्ही तळ्याच्या तळाशी. पट्टी एका कडेने लोंबत होती.

संघाचे मॅनेजर तंबूत आम्हा दोघांना घेऊन बसले. "बोट कोणी तपासली होती?"

"माझी सीट, मी तपासली," ती म्हणाली. छातीवर बर्फाची पिशवी धरली होती. "पट्टी माझीच आहे. आवळायचं राहून गेलं असणार, आणि तशीच पट्टी लावली मी."

मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही नंतर हात लावला होता?"

"नाही," मी म्हणालो.

एवढंच. तेवढा एक शब्द. कागदावर 'तपासणीत हलगर्जीपणा' असं लिहिलं गेलं, खाली तिने सही केली आणि तिच्या सहीखाली मी. गंजलेलं वायसर माझ्या खिशात होतं. चार नंबरची मुलगी परतीच्या प्रवासात तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. विमानात तिने माझा पट्टा ओढून बघितला नाही. स्वतःचा मात्र तीनदा बघितला, मग हवाई सुंदरीला बोलावून म्हणाली, "तुम्ही एकदा बघता का?"

मी सांगायचं ठरवलं होतं. आधी म्हटलं घरी पोचू दे, मग म्हटलं निवड होऊ दे, मग निवड झालीच नाही. नोकरीचा अर्ज परत आला. ती शेडमध्ये यायची थांबली. सांगून आता काय होणार, असं मी स्वतःला म्हणू लागलो. हे वाक्य फार सोयीचं असतं. तुम्हीही कधी वापरलं असेल.

दोन वर्षांनी तिचा फोन आला. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीत ती पोहण्याच्या तलावावर शिकवायला लागली होती. "काका, तलावाच्या शिडीचे बोल्ट आहेत. मी बघितलेत. पण तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

गेलो. बोल्ट घट्ट होते. तसं मी सांगितलं, तर तिने सुटकेचा श्वास सोडला. म्हणाली, "तुम्ही बघितलंत की मला झोप लागते."

त्यानंतर दर दोन-अडीच महिन्यांनी फोन. कधी शिडी, कधी दोरीचे हूक, एकदा तिच्या स्वयंपाकघरातला गॅसचा रेग्युलेटर. डोंबिवलीहून घोडबंदरला जायचं म्हणजे दोन बस आणि रस्त्यावर थांबलेल्या गाड्यांच्या रांगेत गेलेला अर्धा दिवस. गुडघे दुखायचे. एकदाही नाही म्हटलं नाही. कशालाही हात लावावा तर ते आधीच घट्ट असायचं. तिने आवळलेलं कधी सैल निघालं नाही. मी हात लावायचो आणि म्हणायचो, "ठीक आहे." सात वर्षं मी हे एक नाटक केलं. मला वाटायचं ही भरपाई आहे. खरं तर दर वेळी मी तिला हेच सांगत होतो, की तुझा हात पुरेसा नाही.

मनगटातला रोल गेला होता. तळहात मऊ झाले होते.

एकदा वडिलांविषयी विचारलं, तर म्हणाली, "बाबा त्या स्पर्धेबद्दल कधीच काही बोलले नाहीत. फक्त माझ्या स्कूटीचे नट रोज सकाळी तेच बघतात. मला बघू देत नाहीत." आणि पुढे म्हणाली, "ते वाक्यही आता म्हणत नाहीत."

परवाच्या उन्हाळ्यात सरांनी मला बोलावलं. ते थकले होते. शेडमध्ये आठ नव्या मुली आल्या होत्या, चांगल्या होत्या. "मला आता काठावरून चालवत नाही," सर म्हणाले. "तीन नंबरला विचार. सरावाला तिने उभं राहावं. मी दोनदा विचारलं, नाही म्हणाली. तुझं ऐकेल. तुझ्यावर विश्वास आहे तिचा."

आठवडाभराने तिचा फोन आलाच. शिडी.

दुपारची वेळ, तलाव रिकामा. ती शिडीजवळ उभी होती. मी उकिडवा बसलो. बोल्टला हात लावला नाही.

"तू बघितलास?"

"तीनदा."

"मग झालं."

"झालं काय? तुम्ही बघा ना. त्यासाठीच तर बोलावलं."

मी सरांचा निरोप सांगितला.

"इथे शिडी हलली तर कोणी गटांगळी खाईल, मी उडी मारून काढीन. तिकडे चार पोरींचं वर्षभराचं सगळं एका नटावर असतं. त्यांच्या बोटीला माझा हात नको, काका. माझा हात फसतो."

हे ऐकल्यावर मला राहवलं नाही. मी म्हणालो, "तुझा हात फसला नव्हता. तू नट आवळला होतास. नंतर मी उघडला, आणि तसाच ठेवला."

ती हसली. वाईट हसली नाही, थकल्यासारखी हसली. "सरांनी पढवून पाठवलं ना? चांगले आहात तुम्ही दोघं. पण असं खोटं सांगून मी येणार नाही."

मला ही भीती वाटली नव्हती. बाकी सगळ्या वाटल्या होत्या. नऊ वर्षांनी खरं बोललो आणि ते खोटं ठरत होतं. मी पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून ते वायसर काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

तिने ते बघितलं नाही. डोळे मिटले. अंगठा कडेवरून फिरवायला लागली, सावकाश, गोल. एका जागी अंगठा थांबला. परत मागे गेला. परत त्याच जागी थांबला.

"कंगोरा," ती म्हणाली.

अंगठा तिने तिथून हलवला नाही. मग डोळे न उघडता विचारलं, "पट्टी कुठल्या बाजूने सोललीत?"

"डावीकडून."

"आणि नखाने दाबलीत."

"हो."

"मला दिसली होती नखाची खूण. मला वाटलं, माझीच." तिने डोळे उघडले. "मला आठवत होतं काका. पाना हातात होता ते आठवत होतं, नट जाम झाला ते आठवत होतं. रोज आठवायचं. आणि रोज मी स्वतःला सांगायचे की हे मी मनाने रचलंय."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर केला. "आत्ता नको. बायकांची बॅच आलीय."

तासभर मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिलो. तिने शिकवलं, शिट्टी वाजवली, एका बाईला तरंगायला लावलं. वायसर तिच्या मुठीतच होतं. बॅच सुटल्यावर तिने कपडे बदलले आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "चला."

"कुठे?"

"खोपटला. हे एकट्या मला सांगून भागणार नाही."

स्कूटी तिने तिथेच ठेवली. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो आणि मी तिला वायसर बदलण्यापासून पाना मागायला आलेल्या बोटमनपर्यंत सगळं सांगितलं. गाड्या जागच्या हलत नव्हत्या. अर्ध्या तासात तिने एकच प्रश्न विचारला.

"तो पाना तुम्हाला परत कधी मिळाला?"

"तुम्ही बोट उचलायच्या आधी."

"म्हणजे तुमच्या हातात होता."

"हो."

मग ती मुठीतलं वायसर अंगठ्याने चाचपत राहिली.

त्या दिवसानंतर मला तिचा फोन आलेला नाही. शिडी ती स्वतःच बघत असणार. शेडमध्ये मी जात नाही, सरांना सगळं सांगितल्यावर त्यांनी ये म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. मागे एकदा पुलावरून जाताना खाडीकाठी लाकडी घोड्यांवर पालथी ठेवलेली बोट दिसली. रिगरच्या टोकांना पांढरं काहीतरी चमकलं. पट्ट्या असतील, नाहीतर ऊन असेल. डोळ्याचा काय भरवसा.

त्या दिवशी खोपटला तिच्या घरी पोचलो तेव्हा वडील पलंगावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. मला बघून त्यांनी ताट पुढे केलं. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या, त्या जायच्या थांबल्या. मी खाली सतरंजीवर बसलो आणि बोललो. खाली मान घालून, पुटपुटल्यासारखं. कसंबसं शेवटपर्यंत बोललो.

"काय?" वडील कानामागे हात धरून म्हणाले.

मी परत बोललो.

"कोणाचा पाना?" ते म्हणाले.

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "बाबांना असं ऐकू येत नाही काका," ती म्हणाली. "मोठ्याने बोला."

काकूंच्या मागे आणखी दोघी येऊन थांबल्या होत्या. तिने त्यांना जायला सांगितलं नाही, दारही लावलं नाही. पुढे होऊन तिने वायसर वडिलांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी बोटं मिटली. मी गुडघ्यावर हात टेकून उभा राहिलो आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"नट तिने आवळला होता. मी उघडला आणि सैल सोडला. पट्टी मी परत चिकटवली. मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो, आणि नऊ वर्षं गप्प बसलो. तुमच्या मुलीचा हात फसला नव्हता. माझं चुकलं. मला माफ करा."